बिनपगारी सालदार

(चंद्रपूर-गडचिरोलीच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलून झाले, विजेच्या बिलावर झाले, रानडुकरांवर तर तासभर गेला. आता जेवणाआधीची वीस-पंचवीस मिनिटे मला दिली आहेत आणि विषय दिला आहे वाघळांचा. मागे बसलेले काही जण हसले, ते मी पाहिले. हसा. पंधरा वर्षांपूर्वी मीही तिथेच बसून हसलो असतो.

विषय निघाला कसा, ते आधी सांगतो. मागच्या बैठकीला वैनगंगेकाठच्या एका गावचे आपले कार्यकर्ते आले होते. त्यांच्या गावाच्या शिवेवर चिंचेचे जुने झाड आहे. त्यावर दोन-तीनशे वाघळे लटकतात. झाड तोडायचा ठराव गावात घाटतो आहे. कारणे तीन सांगितली. घाण होते, रोग येतो आणि अशुभ आहे. चौथे कारण कोणी बोलले नाही. चिंचेच्या लाकडाला गिऱ्हाईक उभे आहे, हे ते कारण. त्या भावाने मला विचारले, "साहेब, तुम्ही शेतीचं शिकलेले आहा, सांगा जी, तोडावं का ठेवावं?" मी म्हटले, पुढच्या बैठकीत सांगतो. तेच सांगायला उभा आहे.

पण आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगू द्या, नाहीतर मला बोलायचा अधिकार नाही.

कृषीची पदवी घेतल्यावर मी काही वर्षे औषधांच्या एका कंपनीत होतो. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचे आणि कोणत्या किडीला कोणती बाटली ते सांगायचे. वरोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या वावरात जुनी पडकी विहीर होती. आत पाकोळ्या राहत. तो म्हणाला, "वास सहन होत नाही जी, का करू?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, तुराट्या पेटवून आत टाका आणि वरून ताडपत्री झाका. त्याने तसे केले. दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून नेले. टोपल्याच्या टोपल्या मेलेल्या पाकोळ्या काढून ठेवल्या होत्या. बऱ्याच माद्यांच्या पोटाला पिल्ले चिकटलेली होती, उघडी, अंगठ्याएवढी. त्याची म्हातारी आई म्हणाली, "लेकुरवाळ्या होत्या रे बापा." मी काही बोललो नाही. मोटारसायकल काढली आणि निघून आलो.

कॉलेजात मी चार वर्षे घालवली. कपाशीवरच्या किडींची लॅटिन नावे मला पाठ होती. पण त्या किडी रात्री कोण खातो, हा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता.

आता वाघूळ म्हणजे काय ते पाहू. हा पक्षी नाही. अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते, तुमच्या-आमच्या गाईसारखे. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. उंदरासारखे डझनाने नाही. म्हणून एका विहिरीतली वस्ती आज मारली, तर ती भरून यायला कित्येक वर्षे जातात. माझ्या त्या विहिरीत ती पुन्हा भरली नाही.

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत. आपल्या कामापुरते तीन गट समजून घ्या. चिंचेवर, वडावर लटकणारे मोठे वाघूळ फळे आणि फुलांचा रस खाते. त्याचे पंख पसरले तर चार फूट भरतात. दुसरा गट लहान पाकोळ्यांचा. कौलाखाली, भिंतीच्या फटीत, विहिरीत, पडक्या देवळात, किल्ल्याच्या तटात राहणाऱ्या. त्या फक्त किडे खातात. तिसरे मोठ्या कानाचे मांसाहारी वाघूळ. इंग्रजांनी त्याचे नाव रक्तपिपासू ठेवले, पण ते रक्त पीत नाही. ते उंदीर, बेडूक, पाली आणि मोठे किडे धरून खाते. रक्त पिणाऱ्या जाती साऱ्या जगात तीनच आहेत आणि त्या तिन्ही अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून खाली. आपल्याकडे एकही नाही. आणि ज्वारीचा दाणा यांतले कोणीही खात नाही. गोफण घेऊन माळ्यावर बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चिमणी-पोपटाचा हिशेब वाघळाच्या नावावर मांडू नका.

वाघूळ आंधळे असते, हेही खोटे. डोळे आहेत आणि दिसते. पण अंधारात पाकोळी कानाने पाहते. उडताना ती सारखी ओरडते, फक्त तो आवाज आपल्या कानाला ऐकू येईल त्याहून बारीक असतो. आवाज किड्यावर आदळून परत येतो आणि किडा कुठे आहे, किती मोठा आहे, कुठे चालला आहे, हे तिला कळते. आणि ऐका, बोंडअळीच्या पतंगालाही कान आहेत. पाकोळीचा आवाज जवळ आला की तो पंख मिटून धडकन खाली पडतो. तुमच्या कपाशीवर रोज रात्री हे युद्ध चालते. आपण झोपलेलो असतो.

आता हिशेबाकडे येतो, कारण आपण हिशेबाची माणसे आहोत.

कापसावरची हिरवी बोंडअळी, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी ही एकच कीड आहे. तिचा पतंग रात्री उडतो, रात्री अंडी घालतो. एक मादी पाचशेपासून हजारावर अंडी घालते. आपण औषध मारतो ते अळीवर. ती बोंडात शिरली की बाटली कितीही महाग असो, अर्धी वाया जाते. पाकोळी अंडी घालायच्या आधीच पतंग उचलते. एक पोटुशी मादी उचलली की शेकडो अळ्या जन्मायच्या आधीच संपल्या. गुलाबी बोंडअळीचा बारका पतंगही रात्रीचाच आणि ज्वारीच्या खोडकिड्याचा पतंगही रात्रीचाच.

याची किंमत किती? अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शास्त्रज्ञांनी ती मोजली. तिथे आठ जिल्ह्यांच्या पट्ट्यात सुमारे दहा हजार एकर कापूस होता आणि आजूबाजूच्या गुहांत आणि पुलांखाली लाखो वाघळे. तिथली बोंडअळी आपल्या हिरव्या अळीची सख्खी चुलत बहीण. वाचलेले पीक आणि वाचलेली फवारणी यांचा हिशेब त्यांनी मांडला आणि २००६ साली छापला. वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर. तिथल्या कापसाचे एकूण उत्पन्न होते ४६ ते ६४ लाख डॉलर. म्हणजे रुपयात बारा-पंधरा पैसे वाघळांच्या कष्टाचे. त्या वर्षीच्या दराने रुपये केले तर एकरी तीन हजारांच्या वर जाते. टेक्सासचा आकडा जसाच्या तसा वरोरा-राजुऱ्याला लागू होणार नाही, पाऊस वेगळा, पाकोळ्यांच्या जाती वेगळ्या. पण शून्य नक्की नाही.

त्याच २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भासाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करून गेले, सहा जिल्ह्यांसाठी. त्या सहांत चंद्रपूर नव्हते आणि गडचिरोलीही नव्हते. पाकोळी मात्र तेव्हाही रोज रात्री कामावर येत होती. जिल्ह्याची यादी न पाहता.

उत्पादनखर्च काढताना आपण दरवर्षी भांडतो की घरच्या बाईची मजुरी धरा, रात्रीच्या जागलीची मजुरी धरा. सरकारी कागदावर ती धरली तर नखाएवढी धरतात. ज्याचे कष्ट कागदावर येत नाहीत ते फुकटचे ठरतात, आणि फुकटचे ते टाकाऊ. वाघळाचे नेमके तेच झाले. हा तुमचा सालदार आहे. साल ठरवले नाही, चपला-धोतर दिले नाही, भाकर दिली नाही. आणि त्याला आपण धूर देतो.

तो गेला तर काय होते, तेही आता दिसले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २००६ साली वाघळांना एका बुरशीचा रोग आढळला आणि पुढे लाखो वाघळे मेली. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक यांनी ज्या जिल्ह्यांत वाघळे मेली आणि जिथे मेली नाहीत, त्यांची तुलना करून २०२४ साली अभ्यास छापला. मेली तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशके सरासरी ३१ टक्के जास्त वापरली. आणि त्याच जिल्ह्यांत तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. जास्तीच्या फवारणीचे काय होते हे आपल्याला अमेरिकेने सांगायला नको. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारणी करता करता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्याच वर्षी गुलाबी अळीने विदर्भाचा कापूस पोखरला. एक फवारणी कमी होणे म्हणजे पंपवाल्या मजुराच्या छातीत तेवढे विष कमी जाणे.

आता सरकारचे पाहा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला. त्याला एक पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. तिच्यात उंदीर, घूस, कावळा आणि त्यांच्याच पंगतीत फळे खाणारे वाघूळ. म्हणजे कोणीही मारावे, विचारणारे कोणी नाही. पन्नास वर्षे ते तसेच होते. २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, उपद्रवींची ती अनुसूचीच गेली आणि मोठे वाघूळ दुसऱ्या अनुसूचीत, संरक्षितांत आले. आज त्याला मारणे गुन्हा आहे. कायद्याचा धाक दाखवायला मी इथे उभा नाही, जंगलखात्याच्या कायद्याने आपले किती भले केले ते तुम्हाला ठाऊक आहे. दिल्लीला जे कळायला पन्नास वर्षे लागली ते आपल्याला एका बैठकीत कळावे, एवढेच म्हणतो.

फळबागवाले भाऊ इथे आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. वाघूळ चिकू खाते, पेरू खाते, पाडाचा आंबा खाते. नुकसान होते. त्यांनी झाडांना जाळी लावावी आणि जाळीच्या खर्चासाठी आपण सगळ्यांनी मिळून भांडावे. पण कोरडवाहू कपाशीवाल्याने बागवाल्याचा राग उसना घेऊन झाड तोडू नये. आणि त्याच वाघळाचे दुसरे कामही पाहा. मोहाच्या फुलावर ते रात्री येते, एका झाडाचा पराग दुसऱ्याला नेते. मोहाचे फळ तोंडात धरून दूर जाते, गर खाते, बी टाकते. धानोरा-कुरखेड्याच्या मायबहिणी एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला निघतात. त्या मोहाची लागवड कोणत्या खात्याने केली? वनखात्याने तर सागच लावला.

आता रोगाचे. हे मी टाळणार नाही, कारण भीती सगळ्यात जास्त याचीच आहे.

वाघळाच्या अंगात काही विषाणू राहतात, हे खरे. २०१८ साली केरळात निपाह आला, १७ माणसे गेली आणि तो विषाणू मोठ्या वाघळांत सापडला. आपल्या राज्यातही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांचे नमुने घेतले, त्यांत काहींमध्ये निपाहच्या खुणा मिळाल्या. २०२१ मध्ये बातमी आली तेव्हा गावोगाव घबराट झाली. करोनाच्या वेळी तर विचारू नका. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण आशियातल्या साठाहून जास्त अभ्यासकांना मिळून पत्रक काढावे लागले की वाघळांना मारू नका, त्यांच्यापासून लोकांना थेट करोना होत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात उत्तर प्रदेशात गोरखपूर जिल्ह्यात आमराईत शेकडो वाघळे मरून पडली. लोक म्हणाले, करोना. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासले तर उन्हाने मेली होती. पाणी नव्हते, सावली नव्हती. आपल्या चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो. उद्या आपल्याकडे चिंचेखाली मेलेली वाघळे दिसली तर आधी ऊन आठवा.

मग सांभाळायचे कसे? उष्टे, दात लागलेले फळ खाऊ नका, पोरांनाही देऊ नका. पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नका आणि चावलेच तर जखम साबणाने धुऊन तडक दवाखान्यात जाऊन रेबीजची सुई घ्या, झाडपाल्यावर थांबू नका. आणि सिरोंचा-अहेरीकडच्या भावांनो, हे तुमच्यासाठी. बांगलादेशात निपाह माणसात आला तो बहुतेक वेळा शिंदीच्या कच्च्या रसातून. रात्री वाघूळ येऊन झाडाच्या कापावर तोंड लावते, लघवी करते, तो रस पहाटे माणूस पितो. तिथे आता बांबूच्या कामट्यांची झाप विणून काप आणि मडके दोन्ही झाकतात, वाघूळ पोचत नाही. बुरडकाम तर आपल्याकडे घरोघरी आहे. ताडी-शिंदीच्या मडक्यावर झाप बांधा. झाड तोडून, धूर करून उलटे होते. भेदरलेली, उपाशी वाघळे विखुरतात आणि आज शिवेवर असलेली उद्या तुमच्या आढ्याला येतात.

वाघळाच्या तेलाने सांधे धरलेले सुटतात, मांसाने दमा जातो, असे सांगणारे इथे कोणी असतील. माझ्या मामाने केले होते. दमा गेला नाही. मामा गेला.

अभ्यास म्हटले की आपल्याला वाटते तो परदेशातच होतो. तसे नाही. आपल्या नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशके विदर्भातल्या वाघळांच्या प्रजननाचा आणि गर्भवाढीचा अभ्यास केला. कोणती जात कधी गाभण राहते, कधी विते, हे त्यांनी महिनावार बघून लिहिले. जगातल्या मोठ्या ग्रंथांत नागपूरचे नाव त्यामुळे आहे, आणि नागपूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आम्ही विहिरीत तुराट्या पेटवत होतो. ते ज्ञान बांधापर्यंत आले नाही, हा दोष पाकोळीचा नाही.

दुसरी गोष्ट बेळगावकडची. खानापूर तालुक्यात भीमगडाच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. भोवतालची माणसे मराठी बोलणारी. तिथे सापडलेल्या एका वाघळाचे वर्णन १९१३ साली छापले गेले, आणि पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याचा दुसरा पत्ता कोणाला माहीत नव्हता. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते आढळले. २०११ साली भीमगड अभयारण्य झाले त्यात या गुहेचाही वाटा आहे. शंभर वर्षे एका गुहेत एक जात टिकली ती कोणी पहारा बसवला म्हणून नाही. भोवतालच्या लोकांनी तिथे धूर केला नाही.

तर आता त्या वैनगंगेकाठच्या चिंचेचे काय?

माझे उत्तर, ठेवा. घाणीचा त्रास खरा आहे, तेव्हा झाडाखालून जाणारी पायवाट दहा-वीस हात बाजूला घ्या. खालची विष्ठा गोळा करून खड्ड्यात कुजवा, ते खत आहे. गोळा करताना तोंडाला फडके बांधा आणि आधी पाणी शिंपडा, धूळ छातीत जाऊ देऊ नका. लाकडाच्या गिऱ्हाइकाला सांगा की १९६४ च्या झाडतोड कायद्यात चिंच आणि मोह दोन्ही आहेत, परवानगीशिवाय कुऱ्हाड लागत नाही. जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे वन्यप्राणी आणि झाडे राखायचा अधिकार ग्रामसभेला वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने दिला आहे. मेंढा-लेखाने २००९ साली तो हक्क मिळवला तो तुमच्याच जिल्ह्यात. ठराव तोडायचा होऊ शकतो तसा राखायचाही होतो.

पडक्या विहिरी बुजवायच्या असतील, जनावर पडते म्हणून, तर स्लॅब टाकू नका. लोखंडी जाळी टाका, पाकोळी जाईल-येईल एवढ्या मोठ्या घराची. बुजवायचीच झाली तर अंगावर पिल्ले असतात तो काळ सोडून, आणि संध्याकाळी सगळ्या बाहेर गेल्यावर.

आणि विद्यापीठाकडे मागणी करायची आहे, तिचा मसुदा मी आणला आहे, जेवणानंतर वाचतो. टेक्सासने मोजले तसे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने आपल्या कपाशीवर मोजावे. पाकोळीच्या लेंडीत कोणत्या पतंगाचे पंख सापडतात ते पाहायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. ती लेंडी आपण गोळा करून देऊ.

पण विद्यापीठाची वाट पाहत बसायची गरज नाही. मोजणी आपणही करू शकतो. दिवस मावळायच्या वेळी झाडापासून पन्नास-साठ पावलांवर, उजळ आभाळ समोर येईल असे बसायचे. दोघे जण हवेत. डाव्या खिशात तुरीचे दाणे घ्यायचे. दहा वाघळे उडाली की एक दाणा उजव्या खिशात. अंधार पडल्यावर दाणे मोजून दहाने गुणायचे, दोघांचा आकडा ताडून पाहायचा, तारीख घालून वहीत लिहायचे. बॅटरी मारायची नाही, बोलायचे नाही, विडी ओढायची नाही. आपल्या नवव्या-दहावीतल्या पोरी हे काम आपल्यापेक्षा चांगले करतील, त्यांनाच द्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शिवारातली झाडे, विहिरी आणि आकडे लिहून आणावेत. चिंचेवाल्या गावाने आजच संध्याकाळी सुरुवात करावी, मी येतो बरोबर. दाणे तेवढे तुमचे.